पालखीतले चेहरे, खुर्चीतले चेहरे

प्रश्न : पालख्या पुण्यात मुक्कामी असताना वारकऱ्यांचे सहज फोटो काढायचे आहेत. घरी जुना डीएसएलआर आणि ७०-२०० झूम आहे. मिररलेस घ्यावा का? (नाना पेठ)

डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा उचलला जातो आणि खटकन आवाज होतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. शांत देवघरात हा फरक मोठा. निवडुंग्या विठोबापाशी टाळ-मृदंगाच्या गजरात तो कुणाला ऐकू जाणार? तुमची अडचण ती लांबलचक झूम आहे. ती रोखली की माणूस सावरून बसतो. आहे त्याच बॉडीवर ३५ एमएमची छोटी लेन्स लावा; क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणारी चिप लहान असलेल्या कॅमेऱ्यावर, ती साधारण ५०सारखी दिसते. आणि लांबून टिपू नका. पाय चेपत बसलेल्या माउलींशी आधी दोन शब्द बोला, फोटो काढू का विचारा. थोड्या वेळात त्या पुन्हा आपल्या गप्पांत रमतात, तेव्हा काढा. चोरून काढलेल्या फोटोपेक्षा मला हा फोटो नेहमीच जास्त सच्चा वाटतो.

प्रश्न : साखरपुड्यात मिररलेसच्या सायलेंट मोडवर काढलेल्या फोटोंत आडवे पट्टे आले. कॅमेरा बिघडला का? (सिंहगड रस्ता)

नाही. सायलेंट मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालतं आणि ते सेन्सर ओळीओळीने वाचतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्याचेच हे पट्टे. मेकॅनिकल शटर लावा, शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. घरीच बसवून पोर्ट्रेट काढायचं आहे. सगळे पैसे फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीत घालू का? (सदाशिव पेठ)

मुळीच नको. खुर्चीत बसलेल्या माणसासाठी वेगवान ऑटोफोकस लागत नाही, जुना डीएसएलआर पुरतो. पैसे लेन्सवर खर्च करा : फुल-फ्रेमवर ८५, क्रॉपवर ५० एमएम. दोन-अडीच मीटर लांब उभे राहा. फार जवळून काढलं की नाक मोठं दिसतं, ते अंतरामुळे. फुल-फ्रेमवर ८५ एमएम आणि एफ १.८ (लेन्सचं तोंड बरंच उघडं) ठेवलं, तर दोन मीटरवर जेमतेम सहा सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. आई स्पष्ट आणि बाबा धूसर व्हायचे. म्हणून तोंड लहान करून एफ ५.६, दोघांचे चेहरे एका रेषेत, कॅमेरा तिपाईवर. उजेडाला वाड्याची उत्तरेकडची खिडकी असेल तर सोनंच. सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरा. बाबांच्या चष्म्यात खिडकी दिसली तर दांड्या कानावरून किंचित वर उचला. जुन्या वाड्यांतल्या खोल्या अरुंद असतात, तेव्हा खुर्ची मांडण्याआधी अंतर मोजून घ्या.

प्रश्न : फोनवर भागेल का? (कोथरूड)

सहज फोटोंसाठी खुशाल. चेहरा जवळून हवा असेल तर मुख्य लेन्स नको, ती बरीच वाइड असते. टेलिफोटो लेन्स निवडा आणि दोन पावलं मागे सरका.