डार्ट्स स्पर्धेवर पैज लावण्यापूर्वी खेळाडूंचा फॉर्म कसा जोखावा?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हे उत्तर मित्रांमधील बिनपैशाच्या अंदाजांपुरतेच समजावे.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होणाऱ्या जागतिक स्पर्धेतील संध्याकाळचे सामने मुंबईत मध्यरात्र उलटल्यावर दिसतात, म्हणून बरेच जण सकाळी केवळ तीन डार्टची सरासरी (दर तीन डार्टमागे मिळालेले गुण) वाचतात आणि तिथेच फसगत होते. खेळाडू गुण किती झपाट्याने कमी करतो, एवढेच मुख्यतः ती सांगते. ५०१ वरून नेमके शून्यावर येताना शेवटचा डार्ट डबलमध्ये (फलकाच्या दुप्पट गुणांच्या अरुंद कड्यात) किंवा अगदी मधल्या ठिपक्यात, म्हणजे बुलमध्येच लागावा लागतो. १०० च्या सरासरीचा खेळाडूही ३२ उरल्यावर डबल १६ चुकवत राहिला, तर हातातला लेग (५०१ ते शून्य असा एक डाव) जातो. त्यामुळे डबलवरील यशाची टक्केवारी आणि प्रतिस्पर्ध्याने सुरू केलेले किती लेग त्याने जिंकले, हे मी आधी पाहतो.

स्पर्धेचा प्रकारही ध्यानात घ्यावा. वर्ल्ड ग्रां प्रीमध्ये लेगची सुरुवातसुद्धा डबलनेच होते, म्हणून तिथली कमी सरासरी घसरणीची खूण मानू नये. सेटच्या पद्धतीत, म्हणजे काही लेगचा एक सेट धरून सेटवर सामना ठरतो तेव्हा, तर एकूण लेग जास्त जिंकूनही सामना गमावता येतो.