वाचकांचे प्रश्न : वीस वर्षांचा करार, दीडशे वर्षांची ढोली

प्रश्न : आम्ही मेलबर्नच्या पूर्व भागात राहतो. सुट्टीत टूलांगी, मेरिसव्हिलकडे फिरायला जातो. एका वळणावर अख्खी टेकडी बोडकी दिसली आणि पुढच्याच वळणावर गर्द जंगल. सोबतचा मित्र म्हणाला, "हे सगळं आरएफएप्रमाणेच झालंय." हा करार कोणी कोणाशी केला? त्याची गरज का पडली?

उत्तर : आरएफए म्हणजे रिजनल फॉरेस्ट अ‍ॅग्रीमेंट, एका विभागातल्या जंगलाबद्दल दोन सरकारांमध्ये झालेला करार. एका बाजूला कॅनबेराचे केंद्र सरकार, दुसऱ्या बाजूला राज्य. लाकूडतोड करणारी कंपनी किंवा जंगलाशेजारचे गाव यांची त्यावर सही नसते.

ऑस्ट्रेलियात जंगल राज्याच्या ताब्यात, पण लाकडाचे तुकडे परदेशी पाठवायचे तर परवाना केंद्राचा. त्यामुळे परवान्यांची वेळ आली की दरवेळी नवे भांडण पेटायचे. १९९५च्या सुरुवातीला तर ओंडके वाहणाऱ्या ट्रकवाल्यांनी कॅनबेराच्या संसदेला वेढाच घातला. यातून सुटण्याचा रस्ता १९९२च्या राष्ट्रीय वननीतीत आधीच आखलेला होता : विभागाची एकदाच नीट पाहणी करायची, राखायचे ते राखायचे, उरलेले तोडीसाठी खुले ठेवायचे आणि वीस वर्षे त्यात केंद्राने हात घालायचा नाही. पहिला करार फेब्रुवारी १९९७मध्ये व्हिक्टोरियातल्या पूर्व गिप्सलँडचा झाला. २००१पर्यंत असे दहा झाले : व्हिक्टोरियात पाच, न्यू साउथ वेल्समध्ये तीन, टास्मानिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात एकेक. क्वीन्सलँडने सही केली नाही, स्वतःचा वेगळा मार्ग काढला.

तुम्ही पाहिलेले जंगल सेंट्रल हायलँड्स करारात येत होते. तो १९९८चा. बोडकी टेकडी म्हणजे तोडून झालेला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. झाडे उतरवल्यावर उरलासुरला पाला-फांद्या जाळत आणि राखेत बी टाकत. चार-पाच वर्षांत तिथे माउंटन अ‍ॅश या उंच निलगिरीची रोपे इतकी दाट उगवतात की आत शिरता येत नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटते, जंगल परत आले.

प्रश्न : मग परत आले असे म्हणायचे की नाही? सरकारी पत्रकात तर लिहितात की प्रत्येक प्रकारच्या जंगलाचा ठराविक वाटा राखून ठेवला आहे.

उत्तर : राखून ठेवला आहे, हे खरे. १९९७मध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे, युरोपीय लोक येण्यापूर्वी म्हणजे १७५०च्या आधी प्रत्येक प्रकारचे जंगल जेवढे पसरले होते, त्याचा किमान १५ टक्के भाग राखीव हवा. धोक्यात आलेल्या प्रकारांसाठी हे प्रमाण बरेच जास्त. या करारांमुळे राष्ट्रीय उद्यानांमध्ये मोलाची भर पडली, आणि ते श्रेय मी नाकारणार नाही.

पण जंगल म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग नव्हे. मी सेंट्रल हायलँड्समध्ये अनेक वर्षे ढोल्या असलेल्या झाडांची मोजणी करत आले आहे. पद्धत साधी : मावळतीच्या आधी एकेका झाडाखाली एकेक माणूस बसवायचा, त्याने मान वर करून ढोलीच्या तोंडावर नजर ठेवायची, आणि काळोख पडेपर्यंत कोणकोणते प्राणी बाहेर पडतात ते टिपून घ्यायचे. आम्ही ज्याची वाट पाहतो तो लेडबीटर्स पॉसम हा झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी तळहातावर मावेल एवढा. हा व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी. कित्येक वर्षे तो नामशेष झाला असेच सगळे समजत होते. १९६१मध्ये मेरिसव्हिलजवळ तो पुन्हा दिसला.

त्याला ढोली लागते, आणि माउंटन अ‍ॅशला कामाची ढोली पडायला शंभराहून जास्त, पुष्कळदा दीडशे वर्षे जातात. आता हिशोब लावून पाहा. १३ जानेवारी १९३९च्या भीषण वणव्यात इथले बहुतेक जंगल जळाले. आज तुम्हाला रस्त्यालगत सरळसोट, देखणी दिसणारी झाडे बहुतांश त्या वणव्यानंतरची. करार झाला तेव्हा ती साठीलाही पोहोचली नव्हती, आणि लाकडासाठी झाड तोडायचे ते साधारण ऐंशीच्या सुमारास. म्हणजे ढोली पडण्याच्या कितीतरी आधी. मधल्या काळात १९३९च्या आगीत मेलेली, पोकळ झालेली जुनी झाडे एकामागून एक कोसळताहेत. २००९च्या फेब्रुवारीतल्या आगीने आणखी कितीतरी नेली. म्हणून रोपांनी भरलेला कूप पाहून मला समाधान वाटत नाही. पॉसमसाठी ती जागा अजून रिकामीच आहे, आणि आपल्या हयातीत तरी रिकामीच राहणार.

राखीव वाटा कुठे आखला, यालाही महत्त्व आहे. प्राणी जिथे आहेत तीच जागा तोडीच्या यादीत असेल तर दुसऱ्या डोंगरावरचे १५ टक्के त्यांच्या काय कामाचे?

प्रश्न : दुर्मीळ प्राण्यांसाठी केंद्राचा कडक कायदा आहे ना? तोड त्याच्याविरुद्ध असेल तर कोर्टाने थांबवायला हवी होती.

उत्तर : या प्रश्नापाशी माझा जीव तुटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

१९९९च्या केंद्रीय पर्यावरण कायद्यातच एक सूट घातली गेली. करारक्षेत्रात करारानुसार तोड होत असेल तर त्या कायद्याची परवानगी लागत नाही. विचार असा की प्राण्यांची काळजी करारातच घेतलेली आहे, तेव्हा तीच तपासणी दोनदा कशाला.

टास्मानियातल्या विलँग्टा जंगलावरून सिनेटर बॉब ब्राउन कोर्टात गेले. डिसेंबर २००६मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला : गरुड, स्विफ्ट पॅरट हा पोपट आणि एक दुर्मीळ भुंगेरा यांचे रक्षण खरोखर होत नसेल तर सूट कशाची? दोनच महिन्यांत दोन्ही सरकारांनी कराराची भाषा बदलली. राज्य जी व्यवस्था करते तेच रक्षण, असे मानायचे ठरले. २००७मध्ये वरच्या पीठाने तो निकाल फिरवला.

व्हिक्टोरियात लेडबीटर्स पॉसमसाठी लढणारी संस्था कोर्टात गेली. मे २०२०मध्ये न्यायमूर्ती डेब्रा मॉर्टिमर यांनी म्हटले की सरकारी तोड कंपनीने राज्याचीच नियमावली मोडली, म्हणून ६६ कुपांना सूट लागू नाही. निकालाची बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने. पुढच्या वर्षी वरच्या पीठाने नियम मोडल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, पण नियम मोडले तरी सूट जात नाही असा अर्थ लावला. कायद्याच्या अक्षरांप्रमाणे ते बरोबर असेल. मला मात्र त्या दिवशी कळले की करार कागदावर जिवंत असला म्हणजे पुरे, जंगलात तो पाळला जातो की नाही हे विचारण्याची सोयच केंद्राच्या कायद्याने ठेवलेली नव्हती.

शेवटी थांबवले ते राज्याच्याच नियमांनी. नोव्हेंबर २०२२मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ग्रेटर ग्लायडर आणि यलो-बेलीड ग्लायडर हे झाडावरून झाडावर तरंगत जाणारे प्राणी आहेत का, हे आधी नीट शोधा, मगच कूप तोडा. तशी पाहणी करत तोड चालवणे कंपनीला जमेना. १ जानेवारी २०२४पासून व्हिक्टोरियाने सरकारी नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद केली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानेही त्याच सुमारास थांबवली.

प्रश्न : आमचे शेजारी गिरणीत लाकूड कापायचे. त्यांचे काम गेले. त्यांना काय सांगावे?

उत्तर : सांगू काही नका, त्यांचे ऐकून घ्या. वीस वर्षांची हमी देऊन कामगाराला कर्ज काढायला, घर बांधायला लावले ते याच करारांनी. राज्याने पुनर्वसनाची मदत जाहीर केली आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली का, एवढे मात्र जरूर विचारा. अर्ज भरायला हात लागला तर द्या.

प्रश्न : व्हिक्टोरियात तोड थांबली. मग आता या करारांचा विचार कशाला करायचा?

उत्तर : न्यू साउथ वेल्स आणि टास्मानियात सरकारी जंगलांत तोड चालूच आहे, म्हणून. तिथले करार मुदत संपण्याआधीच पुढे वाढवले गेले. स्विफ्ट पॅरट वीण घालतो टास्मानियात, हिवाळा काढतो इकडे मुख्य भूमीवर, म्हणजे त्याचे निम्मे आयुष्य आपल्याच अंगणात जाते. २०२०मध्ये ग्रॅहॅम सॅम्युअल यांच्या समितीने केंद्राच्या कायद्याचा आढावा घेऊन करारांना दिलेल्या या सवलतीवर बोट ठेवले, आणि २०२५च्या अखेरीस संसदेने ती काढून घेणारे बदल मंजूर केले. ते अमलात येण्यासाठी मधली काही मुदत आहे, आणि त्या मुदतीत कोणते कूप तुटतात याकडे लक्ष ठेवायला हवे. दर पाच वर्षांनी प्रत्येक कराराचा आढावा होतो, त्यावर कोणीही लेखी म्हणणे देऊ शकतो. दोन पाने पुरतात. तुम्ही कुठे गेलात, काय पाहिले, कोणत्या तारखेला, तेवढे लिहा. जागेचा नकाशा जोडलात तर उत्तमच.