शरद ऋतूतले असे कोणते छोटे आनंद आहेत, जे फार खटपट न करता घेता येतात?

तुम्ही लिहिलंय की दिवस आखडू लागले की मन मलूल होतं, आणि मोठे बेत आखायचं त्राण नसतं. माझं उत्तर एका खुर्चीपुरतं आहे. खिडकीजवळची खुर्ची, हातात लोकर आणि सुया, नजर बाहेर.

हे दोन्ही छंद मी आधी वेगवेगळे केले. नुसते पक्षी बघायला बसलं की दहा मिनिटांत चुळबुळ सुरू व्हायची. नुसतं विणायला बसलं की हात रमायचे, पण डोळ्यांना कंटाळा यायचा. एका शरदात दोन्ही एकत्र केलं आणि मग कधी वेगळं केलं नाही. माझा अनुभव असा की पक्ष्यांना माणसाचं तिथं असणं फारसं खुपत नाही, त्याची अचानक झालेली हालचाल खुपते. एका लयीत सुया चालवत पाऊण तास बसलात की ते तुमच्याकडे लक्ष देईनासे होतात आणि अगदी जवळच्या फांदीवर येऊन बसतात.

त्यासाठी विणही तशीच हवी. जाळीची नक्षी घेऊ नका, तिच्यात टाके मोजावे लागतात आणि नजर वर जात नाही. जातानाही सुलट, येतानाही सुलट, एवढंच विणा. बोटांना टाका कळायला लागला की बघावं लागत नाही. सुया लाकडी किंवा बांबूच्या घ्या. धातूच्या एकमेकींवर टिकटिकतात. एकदा दुर्बीण उचलायच्या घाईत मी सुई तशीच टाकली आणि अकरा टाके निसटून खालपर्यंत शिडी पडली. क्रोशाच्या सुईने एकेक टाका वर आणताना संध्याकाळ झाली. तेव्हापासून आधी टाके सुईच्या बोंडाकडे सरकवते, मगच दुर्बीण घेते. (तेवढ्यात पक्षी उडालाच तर उडू द्यावा.)

आता बाहेर काय बघायचं? शरदात पक्षी ओळखणं वसंतापेक्षा अवघड असतं. अनेक नरांचा प्रजननाच्या काळातला भडक रंग गेलेला असतो, आणि यंदाची पिल्लं आईबापांपेक्षा निराळी दिसतात. म्हणून रंगावर विसंबू नका, चाल बघा. धोबी जमिनीवर तुरुतुरु चालतो आणि थांबला की शेपटी वरखाली हलवत राहतो. भिंगरी तारेवर रांग धरून बसते, मग सगळ्या एकदम उठतात, एक फेरी मारतात आणि पुन्हा बसतात. एखाद्या सकाळी ती तार रिकामी दिसते. ती सकाळ मला दरवर्षी चुटपुट लावून जाते, आणि तरीही मी तिची वाट बघते.

तुम्हाला मलूल करणारी गोष्ट आणि पक्ष्यांना दूरच्या प्रवासाला उठवणारी गोष्ट एकच आहे. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात त्या दिवसाच्या, आसपास दिवसाची लांबी सर्वांत वेगाने बदलते. उत्तर गोलार्धात शरदातला विषुवदिन २२ किंवा २३ सप्टेंबरला येतो, दक्षिणेत मार्चमध्ये. दिवसाच्या लांबीतला हा बदल पक्ष्यांच्या शरीराला कळतो. ते अधाशासारखे खातात, अंगावर चरबी साठवतात. पिंजऱ्यातले स्थलांतरित पक्षीसुद्धा या काळात रात्री अस्वस्थ होऊन फडफडू लागतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या पाणथळीतल्या पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचलं. अंगावर बसवलेल्या छोट्या यंत्रामुळे आपल्याला हे कळलं. लहान गाणारे पक्षी तर बहुतेक रात्रीच प्रवास करतात. गोंगाट नसेल तर रात्री बाहेर उभं राहून कान द्या. डोक्यावरून बारीक हाका सरकत जातात, दिसत काहीच नाही.

थंड पहाटे पक्षी चेंडूसारखा फुगून बसलेला दिसला की मला हातातल्या लोकरीची गंमत वाटते. तो पिसं फुलवून त्यांच्यामध्ये हवा कोंडतो, आणि तीच हवा त्याला ऊब देते. लोकरीचा धागा मुळात कुरळा असतो, त्याच्या वळणांतही हवाच अडकते. म्हणून फार घट्ट विणू नका. थोडं सैल, मऊ विणलेलं जास्त उबदार होतं.

पानांचा रंग तुम्ही बघतच असाल. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. लाल मात्र बहुधा याच दिवसांत नव्याने तयार होतो. मला त्याहून आवडतं ते पानं गळाल्यावर दिसणारं: उन्हाळाभर ज्या झाडाखालून गेलो त्यातलं घरटं. ते काढू मात्र नका.

आणि विषुवदिनाजवळची पौर्णिमा चुकवू नका. एरवी चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. शरदातल्या या पौर्णिमेच्या आसपास, विषुववृत्तापासून बरंच दूर राहत असाल तर, हा उशीर जेमतेम अर्ध्या तासावर येतो. त्यामुळे ओळीने तीन-चार संध्याकाळी अंधार पडता पडता मोठा चंद्र समोर असतो. त्या उजेडात सुलट टाके सहज पडतात.

मी दर शरदात एक पट्टी विणते. रोज दोन ओळी, करड्या लोकरीच्या. त्या दिवशी मोसमातला एखादा पक्षी पहिल्यांदा दिसला, तर त्या दोन ओळी त्याच्या रंगाच्या. गेल्या वर्षीच्या पट्टीत मधेच एक पिवळी रेघ आहे. ती कोणाची, हे मला आजही बोट ठेवून सांगता येतं. शेवटची भिंगरी दिसली त्या दिवसाला मात्र रंग देता येत नाही, कारण ती शेवटची होती हे नंतर कळतं. तिथे मी मागाहून एक गाठ मारते.

तुम्ही जाड लोकर आणि ५ मिलिमीटरच्या सुया घ्या, तीस टाके घाला आणि उद्या उजाडताच खिडकीशी बसा. सूर्य वर आल्यावरचा पहिला तास चुकवू नका, तेव्हा पक्ष्यांची लगबग सर्वांत जास्त असते.