पडद्यावरचा पटियाला, ट्रान्स-हार्बरची गर्दी

सिनेमातल्या नायिकांचे कपडे रोजच्या वापरात कसे आणायचे, असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एकच घोटाळा दिसला. कपडा हुबेहूब घेतला जातो, पण तो अंगावर नेमका कुठे संपतो याचं माप कुणी घेत नाही.

प्रश्न : ‘जब वी मेट’मधल्या गीतसारखं, म्हणजे करीना कपूरसारखं, वर टी-शर्ट आणि खाली पटियाला सलवार असं शिवून घेतलं. पटियाल्याला ४ मीटर कापड लागलं. तिच्या अंगावर ते मोकळंढाकळं दिसतं, माझ्या कमरेला मात्र उशी बांधल्यासारखं दिसतं. माझी उंची ५ फूट २ इंच. ऑफिस ऐरोलीला, जाणं-येणं ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलने. कापड जास्त झालं का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : थोडं झालं, पण खरी चूक बेल्टची, म्हणजे कमरेच्या सपाट पट्टीची, असणार. २००७ सालच्या त्या सिनेमानंतर पटियाला गल्लोगल्ली शिवला जाऊ लागला आणि त्या घाईत बरेच शिंपी साध्या सलवारीचाच ४-५ इंचांचा बेल्ट पटियाल्यालाही लावू लागले. चुण्या बेल्ट संपतो तिथून सुटतात. बेल्ट ५ इंचांचा असेल तर सगळा घेर पोटावरच उघडतो. तो ८ इंचांचा करून घ्या, म्हणजे घेर पोटाच्या खाली, मांडीवर सुटेल.

आता टी-शर्ट. त्याने बेल्ट झाकावा आणि चुण्या सुरू होतात तिथेच थांबावं. तुमच्या उंचीला खांद्यापासून कमरेपर्यंत साधारण १५ इंच भरतात. नाडी त्याच्या २ इंच खाली बांधली जाते आणि पुढे बेल्टचे ८. एकूण २५. म्हणजे टी-शर्टची उंची २४ ते २५ इंच हवी. बाजारात मिळणारा २७-२८ इंचांचा टी-शर्ट चुण्यांवर टेकतो, चुण्या त्याला आतून बाहेर ढकलतात आणि तुमची ती उशी तयार होते. टी-शर्ट कापून खाली दुमडून घेतला तरी चालेल. दुमडीसाठी इंचभर माया सोडा आणि टीप ताणल्यावर तुटणार नाही अशी, म्हणजे इंटरलॉकवर किंवा बारीक झिगझॅगने मारायला सांगा. साधी सरळ टीप होजिअरीवर पहिल्याच आठवड्यात तटकन तुटते.

कापडाचं म्हणाल तर साध्या सलवारीला सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, सेमी पटियाल्याला ३ आणि पूर्ण पटियाल्याला ४ किंवा जास्त. रोजच्या लोकलला ३ मीटरचा सेमी पुरे. मऊ सुती किंवा रेयॉन घ्या. कडक पॉपलिनच्या चुण्या पडत नाहीत, उभ्या राहतात. सुती असेल तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. ४ मीटरमागे १०-१५ सेंटिमीटर सहज आटतं, आणि ते शिवल्यानंतर आटलं तर आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, वर चढतं.

पावसाळ्यासाठी एक बदल करा. मोहरीत, म्हणजे पायाशी येणाऱ्या घेरात, बकरम (कडक अस्तर) घालू नका, त्याच कापडाची दुहेरी पट्टी घ्या. बकरम भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि संध्याकाळपर्यंत कुबट वास मारतं. उंची घोट्याच्या इंचभर वर ठेवा.

प्रश्न : ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’ पाहिल्यापासून शिफॉनच्या साडीचं वेड लागलंय. तशी गडद रंगातून फिकट होत जाणारी एक घेतली. ऑफिसच्या कार्यक्रमाला नेसले आणि दुपारपर्यंत निऱ्या सुटल्या, पदर घसरला, पिनेने साडी फाटली. शिवाय आतला पांढरा परकर दिसत होता. ती बया बर्फात नाचते आणि तिचं काही हलत नाही!
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बर्फात तिचं काही हलत नाही, कारण प्रत्येक शॉटच्या आधी पोशाख विभागातलं कुणीतरी येऊन निऱ्या बसवतं आणि मागून पिना मारतं. आलिया भटच्या त्या साड्या मनीष मल्होत्रांच्या. २०२३ नंतर तसल्या छटांच्या पॉलिएस्टर शिफॉनच्या साड्या जागोजागी मिळू लागल्या. नेसायला सोप्या, टिकवायला अवघड.

सुरुवात परकरापासून. सॅटिनचा परकर शिफॉनखाली म्हणजे तेलावर तेल. पॉपलिनचा, सहा कळ्यांचा, नाडीचा घ्या. इलॅस्टिक साडीच्या ओझ्याने हळूहळू उतरतं, नाडी उतरत नाही. नाडी नेहमीपेक्षा जराशी घट्ट बांधा, कारण अर्ध्या तासात ती सैल होतेच. रंग निवडताना साडीचं टोक दुकानात परकरावर ठेवून बघू नका, निऱ्यांचा भाग ठेवून बघा. छटा बदलणाऱ्या साडीत टोक आणि निऱ्या यांचे रंग वेगळे असतात, आणि समोरून दिसतात त्या निऱ्या. दोन छटांमध्ये अडकलात तर गडद घ्या.

फॉल हा दुसरा घोटाळा. सुती फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, शिफॉन आटत नाही आणि खालचा काठ गोळा होतो. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून लावायचा, तोही हातटाक्यांनी आणि टाके सैल ठेवून. फॉल-बिडिंग करून देणाऱ्याला घाई असते, म्हणून भिजवलेला फॉल आपणच नेऊन द्या.

आता नेसणं. चप्पल किंवा सँडल आधी घाला, मगच पहिला वेढा खोचा. निरी ५ इंचांची धरली तर एका निरीला १० इंच कापड जातं. सहा निऱ्यांना ६० इंच, म्हणजे दीड मीटर. साडेपाच मीटरच्या साडीत यापेक्षा जास्त निऱ्या काढल्या तर पदर आखूड पडतो आणि मग तो खांद्यावरून ओढला जातो. तुमचा पदर घसरण्याचं कारण बहुधा हेच आहे. निऱ्या एकत्र धरून खोचण्याच्या इंचभर खाली एक पिन आडवी लावा, ती परकरातूनही जाऊ द्या. उभी पिन चालताना कापड चिरते.

खांद्याची पिन ब्लाउजच्या एकेरी कापडात न लावता खांद्याच्या शिवणीत लावा, तिथे कापडाचे तीन-चार थर असतात. पिनेच्या मागच्या गोल वेटोळ्यात शिफॉनचा धागा अडकतो आणि साडी फाटते. त्यासाठी पिन उघडून तिच्यात आधी एक बारीक मणी ओवा आणि तो वेटोळ्यापर्यंत सरकवा, मग पिन लावा. मण्यामुळे कापड वेटोळ्यापर्यंत पोचतच नाही. लोकलमध्ये पदराच्या बारीक चुण्या करून पिन करा, मोकळा पदर ऑफिसात पोचल्यावर सोडा.

आणि आठ तासांचा दिवस असेल तर खरं सांगायचं तर जॉर्जेट घ्या. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, अंगावर नाही. जॉर्जेट जरा जड आणि खरखरीत, त्यामुळे जागेवर बसतं. नवी मुंबईच्या दमट हवेत पॉलिएस्टर शिफॉन घामाने पायाला चिकटतं, ते वेगळंच.

प्रश्न : सिनेमातली नायिका नायकाचा ढगळ पांढरा शर्ट घालते तेव्हा छान दिसते. मी नवऱ्याचा घातला तर उसना घातल्यासारखा का वाटतो?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : कारण खांदा. ढगळपणा छातीत आणि घेरात असावा. खांद्याची शिवण दंडावर दीड इंचापेक्षा जास्त उतरली की शर्ट उसना वाटतो. नवऱ्यापेक्षा भावाचा किंवा मुलाचा, एक माप लहान शर्ट बघा. बाह्या मनगटावर दुमडू नका, कोपराच्या जरा खाली आणून ठेवा आणि पुढचं एकच टोक पँटीत खोचा. पांढऱ्याखाली पांढरी अंतर्वस्त्रं उठून दिसतात, त्वचेच्या रंगाची दिसत नाहीत. जुलैत हा शर्ट कपाटातच बरा.

प्रश्न : कॉलेजकन्या नायिकांसारखे काळपट चांदीचे मोठे झुमके घेतले, कान सुजला. चांदी असूनही?
— एक वाचक, कळवा

उत्तर : ती चांदी नव्हे. असे झुमके बहुधा ‘जर्मन सिल्व्हर’चे असतात, आणि त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी नसते. निकेल अनेकांना सोसत नाही, घाम आला की जास्तच. झुमका टाकू नका, सराफाकडून फक्त कानात जाणारी कडी खऱ्या चांदीची करून घ्या. सूज उतरेपर्यंत मात्र कान मोकळा ठेवा, आणि पाणी किंवा पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी लेगिंग घालते. मला जुन्या सिनेमांतल्या अभिनेत्री साधनासारखा घट्ट चुडीदार शिवून हवाय. शिंप्याने शिवला, तर टाचेतून जाईना, आणि खाली बसले तर गुडघ्यावर उसवला.
— एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर : साधनाचं नाव घेतलंत, बरं वाटलं. १९६०च्या ‘लव्ह इन शिमला’ने कपाळावरच्या केसांचा ‘साधना कट’ दिला, आणि १९६५च्या ‘वक्त’ने घट्ट चुडीदार-कुर्ता घरोघर नेला. ‘वक्त’चे कपडे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचे, ज्यांना पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं.

तुमच्या शिंप्याने कापड उभ्या धाग्यात सरळ कापलं असावं. चुडीदार उरेबच, म्हणजे तिरका, कापावा लागतो. मागावर विणलेलं कापड उभं-आडवं फारसं ताणलं जात नाही, तिरकं ताणलं जातं. त्यावरच तर तो घट्ट असूनही गुडघा वाकू देतो. जुन्या पद्धतीत कापडाची तिरकी पिशवी शिवून ती उलगडून कापतात, म्हणजे कापड कमी वाया जातं. ज्या शिंप्याला ‘पिशवी काढून शिवाल का?’ हे कळतं, त्याच्याकडे द्या.

कापड अडीच मीटर, पातळ सुती. उंची पायाच्या मापापेक्षा ६ इंच जास्त ठेवा. दाट चुड्या हव्यात तर ८ ते १०, पण त्या घोट्याभोवती दिसतात, पोटरीवर चढू लागल्या तर पोटरी सैल आहे असं समजा. टाचेचं माप पाऊल ताणून, टाच आणि घोट्याच्या पुढच्या वाकावरून टेप फिरवून घ्यायचं. मोहरी त्यापेक्षा कमी हवी असेल तर आतल्या शिवणीला ३-४ इंच उघडं ठेवून दोन प्रेस बटणं लावून घ्या. आणि पहिल्यांदा घालताना पायात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घाला, चुडीदार सर्रकन वर चढेल, मग पिशवी खालून ओढून काढा.