'रेडियल' पायांत त्रिज्या कुठे आहे?

सर्किट बोर्डावर बसवायच्या घटकांच्या वर्णनात येणाऱ्या 'ॲक्शियल लीड' आणि 'रेडियल लीड' या संज्ञांना 'अक्षीय अग्र' आणि 'त्रिज्यीय अग्र' असे म्हणावे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते या चार शब्दांपैकी 'अक्षीय' तेवढा टिकतो.

आधी 'लीड'. 'अग्र' हा शब्द धनाग्र आणि ऋणाग्र यांच्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकांत रुळला आहे, पण तो वीज जिथून आत येते किंवा बाहेर पडते ते ठिकाण सांगतो. येथे मात्र हातात असते ती तार, जी वाकवावी लागते, बोर्डाच्या भोकातून ओवावी लागते आणि सोल्डर केल्यावर उरलेला भाग कापून टाकावा लागतो. दुरुस्तीचे काम करणारी माणसे तिला सरळ 'पाय' म्हणतात. 'लांब पाय प्लसचा' हे वाक्य नव्या एलईडीबद्दल कोणीही उच्चारते आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीही अडत नाही. हा शब्द लेखनातही यावा. त्यामुळे 'लीडलेस' म्हणजे बिनपायाचा आणि 'लेड-फ्री' म्हणजे शिसेविरहित, हा फरकही लगेच स्पष्ट होतो. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे स्पेलिंग एकच असल्याने तिथे तो संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे. चाकाचा आस आणि चाकाचे आरे डोळ्यांपुढे आणले, तर दोन्ही इंग्रजी विशेषणे उलगडतात. साधा पाव वॅटचा रेझिस्टर म्हणजे जेमतेम 6 मिलिमीटर लांबीचा दंडगोल. त्याच्या दोन टोकांतून दोन पाय आसाच्या रेषेत, परस्परविरुद्ध दिशांना निघतात. म्हणून 'अक्षीय' हा शब्द चोख आहे. जुन्या काळच्या काही कार्बन रेझिस्टरमध्ये दांड्याच्या टोकांभोवती तार गुंडाळून ती अंगाशी काटकोन करून बाहेर काढलेली असे, म्हणजे ती खरोखरच आऱ्यासारखी निघे. तिथे 'रेडियल' हे वर्णनही अचूक होते.

पण आज ज्याला सर्रास 'रेडियल' म्हणतात, तो उभ्या डब्यासारखा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हातात घेऊन पाहा. त्याचे दोन्ही पाय तळातून शेजारी शेजारी, एकमेकांना समांतर निघतात. 5 मिलिमीटर व्यासाच्या डब्यात त्यांच्यातले अंतर साधारणपणे 2 मिलिमीटर असते. हे पाय डब्याच्या आसालाच समांतर आहेत, त्यामुळे दिशा पाहून नाव द्यायचे झाले, तर त्यांनाच अक्षीय म्हणावे लागेल! अशा पायांना 'त्रिज्यीय' म्हटले, तर विद्यार्थी तिथे नसलेली त्रिज्या शोधत बसतो, आणि 'अरीय' म्हणून ही अडचण सुटत नाही, कारण तो शब्दही आऱ्यावरूनच आला आहे.

खरा भेद दिशेचा नसून, पाय अंगाच्या एकाच बाजूने निघतात की दोन टोकांनी, हा आहे. इंग्रजीतही काही उत्पादक अशा कपॅसिटरला 'सिंगल-एंडेड' म्हणतात. म्हणून मी 'एकटोकी' आणि 'दुटोकी' हे शब्द सुचवतो. घटकांच्या याद्यांमध्ये 'ॲक्शियल' आणि 'रेडियल' हेच शब्द शोधावे लागतात, त्यामुळे लेखात पहिल्या उल्लेखाला तेही द्यावेत आणि पुढे मराठी शब्द चालवावेत.

एक खबरदारी मात्र हवी. जागा कमी असेल, तर दुटोकी रेझिस्टर बोर्डावर उभा करतात: एक पाय सरळ खाली जातो, दुसरा वरून वळवून अंगालगत खाली आणतात, आणि एरवी 10.16 मिलिमीटरवर ठेवलेली भोके 2.54 किंवा 5.08 मिलिमीटरवर येतात. दोन्ही पाय आता एकाच बाजूने बोर्डात शिरत असले, तरी घटक दुटोकीच राहतो, कारण हे नाव पाय अंगातून कसा निघतो यावरून दिले आहे. तो पुढे कसा वाकवला, यासाठी 'उभी बसवणी' आणि 'आडवी बसवणी' असे वेगळे शब्द वापरावेत.