खरी निवडणूक ऑगस्टात असते

तू विचारलंस, नवऱ्याला जे-वन वेव्हरवर (शिकायला आलेल्या डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणारी सूट) अमेरिकेत पश्चिम कॅन्ससमधल्या छोट्या हॉस्पिटलात तीन वर्षांची नोकरी मिळतेय, तिथलं राजकारण आपल्याला झेपेल का? पगार, थंडी, घरभाडं नेटवर मिळेल, ते मी सांगत बसत नाही. पण राजकारणाच्या प्रश्नाने माझंच जुनं दुखणं वर आलं.

पश्चिम कॅन्ससच्या या मतदारसंघाला 'बिग फर्स्ट' म्हणतात. साठेक काउंट्या (म्हणजे जिल्हे), गहू आणि गुरं. १८९० मध्ये याच नैऋत्य पट्ट्याने 'सॉकलेस' जेरी सिम्प्सनला निवडून दिलं होतं. रेल्वे कंपन्यांवर तुटून पडणारा पॉप्युलिस्ट. आज तसं कोणी बोललं तर लोक त्याला सरळ कम्युनिस्ट म्हणतील! १९६२ मध्ये दोन मतदारसंघ एक झाले आणि बॉब डोलने फ्लॉइड ब्रीडिंग या डेमोक्रॅट खासदाराला हरवलं. तेव्हापासून इथे रिपब्लिकनच. म्हणजे नोव्हेंबरची निवडणूक ही नुसती औपचारिकता, खरा निकाल ऑगस्टच्या प्रायमरीत, पक्ष आपला उमेदवार निवडतो तेव्हाच.

२०१६ चा ऑगस्ट मी जवळून पाहिला. टिम ह्युल्सकॅम्प हा टी पार्टीचा, म्हणजे रिपब्लिकनांतल्या कडव्या गटाचा, खासदार स्वतःच्याच पक्षनेतृत्वाशी भांडला म्हणून २०१२ च्या डिसेंबरात त्याला संसदेच्या शेतकी समितीतून काढलं होतं. पुढे त्याने शेतकी विधेयकाविरुद्धही मत दिलं. त्याच्यासमोर ग्रेट बेंडचे प्रसूतितज्ज्ञ रॉजर मार्शल उभे राहिले आणि जिंकले. नोव्हेंबरात डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता. आमच्या शेजारच्या गव्हाच्या शेतकऱ्याने टपालपेटीशेजारी मार्शलची पाटी ठोकली होती. त्याचं म्हणणं, आधी आपला माणूस शेतकी समितीत बसू दे, बाकीची तत्त्वं नंतर. मक्याची कणसं देता देता मला म्हणाला, "तुम्ही कुणाला दिलंत?" आम्ही नागरिक नाही, आम्हाला मत नाही म्हटल्यावर चाटच पडला. इतकी वर्षं राहता, टॅक्स भरता, तरी? त्याला खरंच माहीत नव्हतं.

आणि गंमत बघ, जनगणनेत आम्ही मोजले जातो. खासदारांच्या जागा राज्याराज्यांत वाटतात त्या सगळ्या रहिवाशांच्या संख्येवर, नागरिक असोत वा नसोत. गार्डन सिटी, डॉज सिटीच्या मांस कारखान्यांत काम करणारे मेक्सिकन, सोमाली, बर्मी, सगळे धरून. त्याच गार्डन सिटीत सोमाली कुटुंबांची इमारत उडवण्याचा कट २०१६ च्या ऑक्टोबरात पकडला गेला. २०१८ मध्ये डॉज सिटीच्या सुमारे १३,००० मतदारांसाठी एकच मतदान केंद्र होतं, तेही हलवून गावाबाहेर नेलं. २०२२ मध्ये लॉरेन्स हे विद्यापीठाचं, डेमोक्रॅटिक गाव नकाशात ओढून बिग फर्स्टला जोडलं. एवढ्या गव्हात ते विरघळून गेलं.

मुलीच्या शाळेचं अजून सलतं. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. मी मराठी लिहिलं. झालं, फाडफाड इंग्रजी बोलणारी पोर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात! तिथून बाहेर काढायला परीक्षा, पत्रं, बैठका. तरीही तू खोटं लिहू नकोस, मी आजही मराठीच लिहीन.

एकटेपणा? आहे. वाणसामानाला विचिटा गाठावं लागतं, त्यात शनिवार जातो. पुढे.

ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही अजून आहोत. मुलगी २१ ची व्हायच्या आत नंबर लागला नाही, तर तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. लहानाची मोठी इथेच झालेली पोर! खासदाराच्या ऑफिसात अडकलेल्या अर्जाची विचारपूस करून देतात, मत नसलेल्यांनाही. पण रांग लांब आहे ती कायद्यामुळे, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून. आणि तो कायदा बदलू शकणाऱ्या माणसाची निवड माझा शेजारी करतो, मी नाही. त्याच्यावर राग धरता येत नाही, आणि राग जातही नाही.

यायचं तर या. नवऱ्याला डॉक्टर म्हणून मान मिळेल, तो खोटा नसतो. फक्त सही करण्याआधी हॉस्पिटल ग्रीन कार्डाचा अर्ज कोणत्या महिन्यात भरणार आणि वकिलाचा खर्च कुणाचा, हे करारातच लिहून घ्या. तोंडी "करू की" चालवून घेऊ नका.