मेकॅनिकल करून मॅनेजमेंटमध्ये पीएचडी: संघटनांचा अभ्यास करायचा तर आधी कुठलं शास्त्र धरू?

तुमचे गाइड म्हणतात समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र सगळं वाचा, आणि तुम्ही विचारताय सुरुवात कुठून करू. मीही मेकॅनिकलचीच. "मॅडम, तुमचा विषय नक्की कुठल्या विभागात बसतो?" हे मला चार वर्षं ऐकावं लागलं, म्हणून लिहितेय.

माझा विषय होता सहकारी साखर कारखान्याचा तोडणी कार्यक्रम. लागवडीच्या नोंदीप्रमाणे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू (ही लागणीच्या हंगामांची नावं) आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला) असा क्रम लागतो आणि त्या क्रमाने ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात जातात. तोडलेला ऊस लवकर कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, पडला नाही तर उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरतो. मी याचं शेड्युलिंग मॉडेल करणार होते.

समितीतले एक सर म्हणाले, "यात मॅनेजमेंट कुठंय? प्रश्नावली करा. ३०० सॅम्पल, एसपीएसएसला टाका." (एसपीएसएस म्हणजे आकडेवारीचं सॉफ्टवेअर.) केली. फॉर्म शेतकी विभागाच्या ऑफिसात भरून घेतले, शेतकी अधिकारी शेजारी खुर्ची टाकून बसलेले. 'तोडणीचा क्रम काटेकोर पाळला जातो' यापुढे जवळजवळ प्रत्येकाची खूण 'पूर्ण सहमत'वर. समिती खूश. त्याच आठवड्यात मी एका खोडव्यात टोळी उतरलेली पाहिली होती, आणि त्या प्लॉटचा नंबर यायला अजून तीन आठवडे होते.

मग पूर्ण हंगाम मी चिटबॉयच्या, म्हणजे फडात तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या पोराच्या, मोटरसायकलवर मागे बसून फिरले. वाटेत चिखल झाला की ट्रॅक्टर आत जात नाही. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले चार कोयते, म्हणजे तोडणाऱ्या चार जोड्या, रातोरात निघून गेले की मुकादमाची टोळी अर्धी होते. कुठे ऊस जळाला की तो आधी तोडावा लागतो. हे सगळं तो पोरगा फोनवर जुळवायचा आणि ऑफिसातली यादी संध्याकाळी त्याच्या मागून दुरुस्त व्हायची. कारखान्याच्या कागदावर निर्णय घेणाऱ्यांत त्याचं नाव कुठेच नाही. एका पहाटे फडात एक ऊसतोड बाई म्हणाली, "ताई, नंबर आमाला इचारून कोन लावतंय? गाडी लांब हुबी ऱ्हायली की मोळी आमच्याच डोक्यावर." मजुरी टनावर, त्या चालण्याचे पैसे नाहीत. माझ्या मॉडेलमध्ये ते अंतर नव्हतंच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी जागा धरा. कुठलं शास्त्र लागेल ते जागा सांगते. मला मजुरीचं अर्थशास्त्र आणि टोळीचं समाजशास्त्र त्या हंगामानंतरच वाचता आलं, आधी वाचलेलं सगळं वाहून गेलं होतं.

पुढच्या बैठकीत मी ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांचा १९५१ चा लेख नेला. कोळसा काढण्याची पद्धत यंत्राने बदलली आणि खाणीतले छोटे गट मोडले, त्याचे परिणाम त्यात आहेत. ट्रिस्ट मानसशास्त्रज्ञ, बॅमफर्थ स्वतः खाणीत राबलेला. सर म्हणाले, "ते इंग्लंडात चालतं." मी गप्प बसले, कारण अहमदाबादच्या कापड गिरणीतला प्रयोग मला तेव्हा माहीत नव्हता. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले तरी उत्पादन वाढेना. १९५३ मध्ये, ट्रिस्ट जिथला होता त्याच लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूटच्या राइसने सुचवल्यावर कामगारांचे छोटे गट झाले, प्रत्येक गटाकडे ठरावीक माग आले, उत्पादन वाढलं आणि कापडाची खराबी घटली. सर, ते इंग्लंड नव्हतं. आणि संघटनांमध्ये निर्णय कसे होतात हे अभ्यासणारा हर्बर्ट सायमन? डॉक्टरेट राज्यशास्त्रात, १९७८ चं नोबेल अर्थशास्त्रात. त्याची सुरुवात मिलवॉकी शहरातल्या खेळाच्या मैदानांच्या पैशावरून दोन खाती का भांडतात हे बघण्यापासून झाली. त्याला कुठल्या विभागात बसवणार होतात?

एक मात्र आहे. नोंदणी एकाच विद्याशाखेत होते, आणि प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'संबंधित विषय' आणि नेट या पात्रता परीक्षेचा विषय बघतात, तेव्हा ते आधी तपासा. दुसऱ्या विभागातला सह-मार्गदर्शक पहिल्याच वर्षी मागा, यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत आंतरविद्याशाखीय विषयांसाठी ती सोय होती. मी मागितला नाही, ते चुकलं. प्रश्नावलीही वाईट नसते, पण फड बघितल्यावर करा आणि फॉर्म भरताना साहेब शेजारी नसू देत.

माझे ३०० फॉर्म प्रबंधाच्या परिशिष्टात आहेत. खाली लिहिलंय, 'हे शेतकी अधिकाऱ्यांच्या समोर भरले गेले.' ते वाक्य काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही.